न मोडलेली रांगोळी

दिवाळीचा पाडवा. रात्रीचे साडेदहा.

रांगोळी सकाळी काढली तशीच आहे. आत्ता पुन्हा बॅटरी घेऊन बघून आले. एक पाकळीसुद्धा पुसलेली नाही. दरवर्षी पाडव्याला दुपार होईपर्यंत मधलं फूल तेवढं उरायचं. कडेचं सगळं चपलांनी, पोरांच्या पायांनी, एखाद्या बकरीनं नेलेलं असायचं. तेव्हा हळहळ वाटायची. आज अख्खी आहे तर त्याहून जास्त वाटतेय. असं का, ते नीट कळत नाही, म्हणून वही उघडली.

१५ ते ८ ची काढली होती. मधली ओळ १५ ठिपक्यांची, मग वर आणि खाली एकेक कमी करत ८ पर्यंत, सगळे मधले ठिपके, म्हणजे शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध पडणारे. एकूण १६९. उदबत्तीनं भोकं पाडलेला कागद आहे घरात, पण ओल्या जमिनीवर तो कागदच ओल धरतो, भोकं बुजतात आणि चौथ्या-पाचव्या ओळीपासून ठिपका कुठे पडतो, कुठे पडत नाही. मग राहिलेली जागा अंदाजानं भरायची आणि तिथेच फसायचं. मधल्या ठिपक्यांच्या रांगोळीत प्रत्येक ठिपक्याला सहा शेजारी असतात. एक अर्धं बोट सरकला की सहाही पाकळ्या तिरप्या होतात. म्हणून सगळे हातानंच टाकले.

अंगण परवाच सारवलं होतं. एक घमेलं पांढरी माती, अर्धं घमेलं ताजं शेण, दोन मुठी भुसा. आपली काळी माती एकटी कधी वापरू नये. पाणी प्यायली की फुगते, वाळताना आक्रसते आणि दुसऱ्या दिवशी अंगणभर भेगा. पांढरी तिला धरून ठेवते, भुसा सारवण उलू देत नाही. आज पहाटे त्यावर फक्त पातळ सडा, बादलीभर पाण्यात दोन ओंजळी शेण, काड्या वेचून काढलेलं. सडा टाकल्या टाकल्या रांगोळी धरली तर रेघ ओल पिऊन पसरते. फार थांबलं तर वाऱ्यावर उडते. तळवा टेकवल्यावर गार लागावं पण हाताला काही चिकटू नये, ती वेळ. आज ती बरोबर साधली होती. रेघ अशी बसली होती की बघत राहावं. रंगात बारीक वाळू मिसळून घेतली होती, त्यामुळे चिमटीतून मोकळा सुटत होता. खाली गेरूचा चौक, त्यामुळे पांढरं उठून दिसत होतं.

आणि ती कोणी मोडली नाही.

मोबाईलवर शुभेच्छांचा ढीग आहे. त्यात रांगोळीचं एकच चित्र तीन जणांकडून आलंय. समोरच्या घरातूनही आलं. त्या घराबद्दल आज लिहीत नाही.

पाडव्याला घरोघर पाया पडायला जायचं, ही आपल्या गल्लीची रीत. जिभाऊंच्या ओट्यापासून सुरुवात, मारुतीपाशी शेवट. दारात 'दिवायीना राम राम' झालं की आत ओढून बसवायचं, ताटलीत चकली, करंजी, दोन शंकरपाळे, आणि पुढच्या घरी. कोणाचं कोणाशी बोलणं नसलं तरी त्या दिवशी उंबरा ओलांडायचा. रांगोळी मोडते ती याच पायांनी. आक्का म्हणायच्या, दिवाळीची रांगोळी संध्याकाळी शोधावी लागली पाहिजे. मला वाटायचं, माझ्या मेहनतीची समजूत घालतायत.

फराळाचे डबे भरलेले आहेत. चकली अजून कुरकुरीत आहे. कोणासाठी, असं दुपारी दोनदा मनात आलं.

पण दोष तरी कोणाला देऊ? कापूस वेचणी ऐन भरात आहे आणि मजूर मिळत नाहीत. फुटलेला कापूस सणासाठी झाडावर थांबत नाही. आभाळ आलं, चार थेंब पडले की पिवळा पडतो आणि व्यापारी भाव पाडायला टपलेलाच असतो. गल्लीतली निम्मी पोरं सुरतेला. कोणाला सुट्टी मिळाली, कोणाला नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी येतील, निंबाला झोके लागतील, तेव्हा हेच अंगण पुरणार नाही. हे सगळं मला ठाऊक आहे. ठाऊक असूनही त्या अख्ख्या रांगोळीकडे बघवत नाही.

संध्याकाळी पणत्या लावताना मन थोडं थाऱ्यावर आलं. पणत्या काल रात्रभर पाण्यात बुडवून ठेवल्या होत्या. कोरी माती आधी पाणी पिते, मग तेल कमी ओढते. वाती घरच्या कापसाच्या, सरकी काढून, पिंजून, तळव्याला राख लावून वळलेल्या. जाड झाली की काजळी धरते, म्हणून बारीकच. शेवटची पणती फाटकाशी ठेवायला गेले आणि उजेडात ते दिसलं.

सकाळी सडा टाकून उरलेला बादलीतला गाळ मी फाटकाबाहेर ओतला होता. तिथला चिखल दिवसभरात वाळलाय आणि त्यात ठसे आहेत. मोठ्या माणसाच्या चपलेचे, टाचेकडे झिजलेल्या. बाईच्या चपलेचे. आणि लहान अनवाणी पायांचे, निदान दोन पोरांचे. सगळे फाटकापर्यंत आलेत आणि वळलेत. एका लहान पायाचा ठसा अगदी चौकटीला लागून आहे: पाची बोटं खोल रुतलेली, टाच जेमतेम उमटलेली. वाकून, चवड्यांवर उभं राहून कोणी बघत होतं.

मग मागे वळून अंगण पाहिलं. फाटकाच्या चौकटीपासून ओट्याच्या पायरीपर्यंत रांगोळी. डावीकडे तुळशीवृंदावन, उजवीकडे केळीचे खांब, पाण्याच्या डब्यात उभे केलेले. पाऊल टाकायला वीतभर जागा नव्हती. मी मागे चुलीजवळ तळण करत होते, हाक ऐकू आली नसेल. इतकी सुंदर रांगोळी तुडवून आत कोण येईल?

आक्का रांगोळी नेहमी तुळशीच्या अंगाला सरकवून काढायच्या आणि फाटकापासून ओट्यापर्यंत दोन हात रुंद पट्टी कोरी ठेवायच्या. तिथे फक्त सडा. मी समजायचे, अंगण मोठं म्हणून राहून जातं. मग ती मोडायची कशी? पोरं पळायची, बाया घोळक्यानं यायच्या, पट्टीबाहेर पाय पडायचाच. पण आत शिरायला पहिली वाट लागते.

ठशांवरून माणसं ओळखता येतात का म्हणून पुन्हा बसून पाहिलं. झिजलेल्या टाचेची चप्पल बहुतेक जिभाऊंची, त्यांचा डावा पाय ओढतो. बाईची कोणाची ते कळलं नाही. समोरच्या घराची असेल, नसेल.

उद्या भाऊबीज. ही पहाटे झाडून काढीन. ७ ते ४ ची काढायची, ३७ ठिपके, तुळशीच्या बाजूला. फाटकापासून पायरीपर्यंत दोन हात मोकळं. शेण आणून घमेल्यात झाकून ठेवलंय. जिभाऊंकडे फराळाचा डबा पोचवायचाय, सकाळी सड्याच्या आधीच. आणि त्या ठशांवर उद्या पाणी टाकायचं नाही, वाळलेत तसेच राहू देत.