पुढचे ब्रेक कॅलिपर घरी बदलले : माझा अनुभव

गाडी छोटी हॅचबॅक, पुढे एका पिस्टनचे सरकते कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबून चाक थांबवणारा भाग). डावं चाक दहा किलोमीटरांत उजव्यापेक्षा खूपच तापायचं आणि गाडी डावीकडे ओढायची. पार्ट आणण्याआधी मी एक तपासणी केली. जॅकवर घेतलं तर चाक हाताने फिरेना. मग कॅलिपरचं निपल (हवा काढायची छोटी तोटी) अर्धा आटा सैल केलं. याने चाक मोकळं झालं असतं, तर दाब लाइनमध्येच अडकलाय असं समजलो असतो. तेव्हा बहुधा रबरी होज (कॅलिपरला ऑइल नेणारी नळी) आतून फुगलेला असतो आणि नवा कॅलिपर घालूनही काही फरक पडत नाही. माझं चाक तसंच घट्ट राहिलं. पॅड काढल्यावर गाइड पिना (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या) हाताने सहज सरकत होत्या, पण पिस्टनचा रबर बूट फाटलेला आणि आत गंजाचं कडं. दोष पिस्टनचाच होता. कोकणातल्या खाऱ्या हवेत फाटलेल्या बुटाला एक पावसाळा पुरतो.

कॅलिपर दोन्ही बाजूंचे आणले. एकच बदलला तरी चालतो म्हणणारे भेटतात, पण उजवाही त्याच वयाचा होता. सोबत नवे पॅड, बॅन्जो बोल्टसाठी (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे चार वॉशर (प्रत्येक बाजूला दोन), ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस आणि ब्रेक ऑइलची अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली. डॉट ३ की डॉट ४, ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. नाव ऑइल असलं तरी हे खनिज तेल नव्हे. पेट्रोल, डिझेल किंवा साधं ग्रीस लागलं की ब्रेकची रबरं फुगतात. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उठतो, म्हणून पाण्याची बादली जवळ ठेवली होती. बाटली उघडी राहिली की हवेतली ओल शोषते, त्यामुळे मागच्या वर्षीची उरलेली वापरली नाही.

हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना ठोकळे लावले, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. मग पुढून उचलून घोड्या (जॅक स्टँड) लावल्या. नुसत्या जॅकवर हात आत घालू नये.

होजचा बॅन्जो बोल्ट कॅलिपर जागेवर असतानाच थोडा सैल करावा. कॅलिपर सुटून लोंबकळायला लागला की पान्याला जोर लागत नाही आणि होज पिळला जातो. ऑइल वाहत राहू नये म्हणून पेडल इंचभर दाबून सीटला काठीने टेकवलं. त्याने मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) टाकीकडचं भोक बंद होतं, गळती थेंबावर येते. गाइड पिनांचे बोल्ट गंजलेले होते. आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवल्यावर सुटले. वरची पिन आणि खालची पिन नेहमी सारखी नसते, एकीच्या टोकाला रबर असतं. अदलाबदल झाली तर अडकते, म्हणून आधी मोबाइलवर फोटो काढला.

नवा कॅलिपर बसवताना निपल वरच्या बाजूला आलं पाहिजे. खाली आलं तर डावा-उजवा उलटा लागलाय. बसतो बरोबर, पण हवा वरच अडकते आणि कितीही ब्लीडिंग केलं (हवा काढली) तरी पेडल स्पंजासारखं राहतं. होज लावल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून तो कुठे पिळत किंवा टायरला लागत नाही ना, ते पाहिलं. टॉर्कचे (बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडे गाडीच्या मॅन्युअलमधून घेतले. कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटचे बोल्ट जितके आवळतात तितक्या जोराने बॅन्जो आवळला तर तो तुटू शकतो.

हवा काढायला पेडलवर एक माणूस लागतो. फिश टँकची पारदर्शक नळी गरम पाण्यात धरून निपलवर चढवली, दुसरं टोक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवलं. मी "दाब", तो "धरला", मी पाव आटा उघडून बंद, मग "सोड". बंद करण्याआधी पेडल सोडलं तर हवा परत आत. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला होता, कारण जुन्या मास्टर सिलिंडरचं सील कधी न गेलेल्या गंजक्या भागात गेलं की फाटू शकतं. दर सात-आठ दाबांनंतर टाकी पाहायची. ती रिकामी झाली आणि हवा एबीएसमध्ये (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) शिरली, तर ती काढायला कॉम्प्युटर लावावा लागू शकतो. आधी डावं, मग उजवं. नळीतले बुडबुडे थांबल्यावरही मी थोडं ऑइल जाऊ दिलं.

चाकं लावून गाडी खाली घेतली, नट टॉर्क पान्याने आवळले. इंजिन सुरू करण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप केलं. नव्या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे असतो, पहिली दोन-तीन पेडलं खालपर्यंत जातातच. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ किलोमीटरपर्यंत वेग हळूहळू उतरवला, आठ-दहा वेळा, मध्ये थंड व्हायला वेळ देत, पूर्ण न थांबता. परत आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात धरून पाहिला, सारखीच कोमट. बॅन्जोभोवती कोरडा कागद फिरवला, ओल नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा फिरवून पाहिला.