बरणीचा सामना: ॲन आर्बरमध्ये पाहुण्यांसोबत फुटबॉलचा वीकएंड

शुक्रवारी, २७ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी माझी पुण्याच्या हॉस्टेलमधली मैत्रीण सहकुटुंब डेट्रॉईट विमानतळावर उतरली. ती, तिचा नवरा, नऊ वर्षांची लेक आणि साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या काकू. ते मिनियापोलिसचे. तिचा नवरा मिनेसोटा विद्यापीठाचा, माझा नवरा मिशिगन विद्यापीठाचा. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला हीच दोन विद्यापीठं मिशिगन विद्यापीठाच्या गावी, ॲन आर्बरला, एकमेकांशी अमेरिकन फुटबॉल खेळणार होती. मिशिगन आदल्या मोसमाचे राष्ट्रीय विजेते, त्यामुळे आमच्या घरात आधीच उत्साह होता. पण पाहुणे समोरच्या बाजूचे, आणि त्यांना आपल्या रंगाचे शर्ट घालून मोकळेपणी ओरडता यावं, ही माझी मनापासूनची इच्छा होती.

पुढे कुणी असाच बेत करणार असेल तर पहिली गोष्ट: तारीख कितीही आधी ठरलेली असली तरी सामन्याची वेळ बहुतेकदा बारा किंवा सहाच दिवस आधी जाहीर होते, कारण ती टीव्हीवाले ठरवतात. दुपारी बारा, साडेतीन किंवा संध्याकाळचे साडेसात, यातलं काहीही निघू शकतं. म्हणून पाहुण्यांना शुक्रवारी संध्याकाळपर्यंत यायला आणि रविवारी संध्याकाळी निघायला सांगा, शनिवारचं विमान घेऊच देऊ नका. हॉटेलं त्या आठवड्यात दुपटीहून महाग होतात आणि बरीचशी दोन रात्रींखाली खोली देत नाहीत. आम्ही कॅन्टनला राहतो, तिथून ॲन आर्बर एरवी पंचवीस मिनिटं. सगळ्यांना घरीच उतरवलं. बैठकीत हवेची गादी घातली, काकूंना खालच्या मजल्यावरची खोली दिली. मिनेसोटाचं घड्याळ मिशिगनपेक्षा एक तास मागे असतं, हेही लक्षात असू द्या. इथले सकाळचे साडेसहा म्हणजे त्यांच्या शरीराला साडेपाच.

विमानतळावरून थेट ॲन आर्बरला गेलो. डेट्रॉईट स्ट्रीटवरचं झिंगरमन्स डेली १९८२ पासून आहे आणि सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तिथे रांग असतेच. कॉर्न्ड बीफचं रूबेन सँडविच तिथलं प्रसिद्ध, पण शाकाहारी सँडविचंही भरपूर आहेत. एक सँडविच दोघांना पुरतं, मोठ्या आकाराचं मागवू नका. मग विद्यापीठाच्या मधोमध असलेल्या डायग या मोकळ्या चौकात फिरलो. तिथे जमिनीत पितळेचं मोठं ‘एम’ बसवलेलं आहे, आणि पहिल्या परीक्षेआधी त्यावर पाय पडला तर नापास होतो, असं इथली मुलं मानतात. काकूंनी ते ऐकलं आणि नातीचा हात धरून तिला लांबून वळवून नेलं. लॉ क्वाडची दगडी इमारत संध्याकाळच्या उजेडात बघायला हवीच, ती चुकवू नका.

रात्री घरी आल्यावर काकूंनी विचारलं, “उद्या एकादशी आहे, मला काय करशील?” भारतातल्या कालनिर्णयाप्रमाणे शनिवारी इंदिरा एकादशी होती, पितृपक्षातली. मी साबुदाणा भिजत घातला आणि शेजारीच वड्यांसाठी बटाटे उकडायला लावले.

इथे टेलगेटविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण वीकएंडचा आत्मा तिथेच आहे. सामन्याआधी तीन-चार तास लोक गाडीची मागची दारं उघडून, घडीची टेबलं मांडून, शेगड्या पेटवून खातात-पितात. स्टेडियमसमोर पायोनियर हायस्कूलची मोठी पटांगणं पैसे घेऊन यासाठी उघडी असतात, आणि आसपासच्या गल्ल्यांत घरमालक आपल्या हिरवळीवर गाड्या लावू देतात. आम्ही अशाच एका घरापुढे गाडी लावली, स्टेडियमपासून पंधरा मिनिटं चालत. मैदानात तेलाची कढई मांडायचा विचार करू नका. मी वडे सकाळी सहाला घरीच तळले. गरम वडे फॉइलमध्ये घट्ट गुंडाळले की आवरण लिबलिबीत होतं, म्हणून पेपर टॉवेलच्या दोन थरांत ठेवून फॉइल वरून उघडी सोडायची. बर्फाच्या पेटीत बर्फाऐवजी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तळाशी घालायचा, त्यावर जाड ताट, आणि मग डबा. साडेदहाला काढले तेव्हा आतला बटाटा अजून वाफाळत होता. पाव आणि लसणाची कोरडी चटणी वेगळी न्यायची. चहाचे दोन मोठे थर्मास लागतातच. सप्टेंबरच्या शेवटी सकाळी गारठा असतो आणि दुपारी स्वेटर काढावासा वाटतो.

शेजारच्या गाडीवाल्यांनी मुलांना कॉर्नहोल शिकवलं, म्हणजे उतरत्या फळीच्या भोकात मक्याच्या दाण्यांची पिशवी टाकायचा खेळ. मरून-सोनेरी शर्ट घातलेल्या आमच्या पाहुण्यांना त्यांनी “वेलकम” म्हणत हॉटडॉग पुढे केले. हॉटडॉग बहुधा बीफचे असतात, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं, कुणाला वाईट वाटत नाही. काकूंनी त्यांना वडापाव दिला आणि स्वतः खिचडी खाल्ली. उपास असणाऱ्यांनी, मधुमेह असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा: बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, एकदा आत गेल्यावर बाहेर पडून परत शिरता येत नाही, आणि सामना साडेतीन तास चालतो. जे खायचं ते आधी पोटभर खाऊन घ्या.

चहा पिताना मैत्रिणीच्या नवऱ्याने बरणीची गोष्ट सांगितली. १९०३ साली मिशिगनचा संघ मिनियापोलिसला खेळायला गेला. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांना भीती, की यजमान आपल्या पाण्यात काही मिसळतील. त्यांनी एका विद्यार्थ्याला पाठवून तीस सेंटला पाच गॅलनची बरणी विकत आणवली. सामना ६–६ असा बरोबरीत सुटला, लोक मैदानात घुसले, आणि मिशिगनवाले बरणी तिथेच टाकून गेले. मिनेसोटाच्या ऑस्कर मन्सन या कर्मचाऱ्याला ती सापडली. १९०९ पासून जो जिंकेल त्याच्याकडे बरणी जाते, नाव ‘लिटल ब्राउन जग’, आणि तिच्यावर प्रत्येक सामन्याचा गुणफलक रंगवलेला असतो. यजमानांच्या पाण्यावर विश्वास नसल्यामुळे सुरू झालेली ही गोष्ट आमच्याच चहाच्या कपांभोवती ऐकताना मला फार बरं वाटलं. ज्या घरात पाहुणे समोरच्या संघाचे असतील तिथे त्यांच्या बाजूची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐका, दिवस वेगळाच होतो.

अकराला निघालो. स्टेडियम बाहेरून बुटकं दिसतं, पाहुणे विचारतात, “हेच का?” १९२७ साली बांधताना त्याचा बराचसा भाग जमिनीत खोदून बसवला आहे. आत पाऊल टाकलं की पायाखाली एकदम वाटी उघडते. १,०७,६०१ माणसांची जागा, आणि २०२० सोडलं तर १९७५ पासून इथल्या प्रत्येक सामन्याला एक लाखाहून जास्त लोक असतात. काकू कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

ज्येष्ठ माणसं सोबत असतील तर तिकीट काढतानाच रांगेचा आकडा बघा. आकडा जितका लहान तितकं खोल उतरावं लागतं, आणि सामना संपल्यावर तेवढंच चढावं लागतं. आम्ही वरच्या रांगा घेतल्या, काकूंना फारशा पायऱ्या पडल्या नाहीत. बसायला पाठ नसलेले लांब बाक असतात आणि माणूस माणसाला खेटून बसतो. जाड शाल अंगावर घेऊन जा, आत तीच घडी करून बसायला होते. बॅगेचे नियम कडक आहेत आणि बदलत असतात, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या मोसमाचे वाचा. आम्ही पर्सेस घरीच ठेवल्या. छत्री चालत नाही, रेनकोट घ्या. तिकिटं मोबाईलवरच असतात आणि लाखभर माणसं एकाच जागी आली की नेटवर्क गळपटतं. घरून निघायच्या आधी फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा, सगळ्यांची एकाच फोनवर नकोत.

साडेअकराच्या आत जागेवर असलंच पाहिजे, याबाबत मी हट्टी आहे. बोगद्यातून बँड धावत येतो, त्यांचा म्होरक्या मैदानात एकटा उभा राहून पाठीमागे इतका वाकतो की डोकं जमिनीला टेकतं. मग निळ्या शिरस्त्राणांवर पिवळे पंख रंगवलेले खेळाडू धावत येऊन उंच धरलेल्या फलकाला उडी मारून हात लावतात. हे चुकलं तर अर्धा वीकएंड चुकला.

नियम काकूंना आदल्या रात्रीच सांगितले होते: चार संधींत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर पुन्हा चार संधी. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला तर सहा गुण, वर एक जास्तीचा, खांबांमधून लाथ मारली तर तीन. इतकं पुरतं. मोक्याच्या क्षणी लोक किल्ल्या खुळखुळवतात, मुलांना किल्ल्यांचा जुडगा जरूर द्या.

तिसऱ्या टप्प्याअखेर मिशिगन २४–३ ने पुढे होतं. आमच्या आसपासचे काही जण गाड्या काढायला उठले. उठू नका. शेवटच्या टप्प्यात मिनेसोटाने एकामागून एक मुसंडी मारत २७–२४ पर्यंत आणलं. शेवटच्या दोन मिनिटांत त्यांनी चेंडू मुद्दाम आखूड मारला, ऑनसाइड किक म्हणतात ती. असा चेंडू दहा यार्ड गेला की मारणाराही उचलू शकतो. मिनेसोटाने तो उचलला! मैत्रिणीचा नवरा बाकावर उभा राहिला. आणि पंचांचं पिवळं फडकं पडलं, म्हणजे नियमभंग: मारणाऱ्या संघाचा खेळाडू चेंडू मारण्याआधीच रेषेपुढे आला होता. काकूंनी विचारलं, “म्हणजे खो मिळायच्या आधीच उठला?” अगदी तेच. ते फडकं बरोबर होतं की नाही यावर अजून वाद होतो. मैत्रिणीचा नवरा हळूच खाली बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मैदानाकडे बघत राहिला. माझ्या नवऱ्याने ओरडणं थांबवलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खाली मिशिगनचे खेळाडू बरणी डोक्यावर धरून धावत होते.

बाहेर पडायला अर्धा तास लागतो, मुलांचे हात सोडू नका आणि फोन लागत नाही हे गृहीत धरून भेटायची खूण आधीच ठरवा. आमची चूक मात्र पार्किंगची झाली. सकाळी कुठेही जागा मिळाली याच आनंदात मी पैसे दिले, आणि परत आलो तर आमच्या मागे एकामागे एक दोन गाड्या. त्यांचे मालक कुठेतरी जेवायला गेलेले. पावणेदोन तास थांबलो, काकू गाडीत दमून झोपल्या. फलकावर ‘ईझी आउट’ लिहिलेलं असेल तीच जागा घ्या, थोडे पैसे जास्त पडतात पण गाडी मोकळी निघते. म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर यात काटकसर करूच नका.

रात्री गावात जेवायला जागा मिळणं अवघड असतं. घरी वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि बटाट्याची भाजी केली, काकूंच्या निमित्ताने सगळेच तेच जेवले. केरीटाउनचा शेतकरी बाजार शनिवारी सकाळी असतो, पण तो सामना संध्याकाळचा असेल तरच जमतो.

रविवारी उशिरा उठलो. सकाळी निकल्स आर्बोरेटम, ह्युरॉन नदीकाठचा मोठा बाग-डोंगर. तिकीट नाही, पण काही वाटांना चढ आहे. काकू आणि मी खाली नदीजवळ बसलो. मग डेक्स्टरची साइडर मिल, १८८६ पासून चालू असलेली. शरद ऋतूतल्या रविवारी दुपारी तिथे रांग लागते, अकराच्या सुमारास पोहोचा. सफरचंदाचा ताजा रस आणि गरम डोनट. डोनट गाडीपर्यंत नेऊ नका, तिथेच खा. आम्ही रसाच्या दोन प्लास्टिकच्या बरण्या घेतल्या. विमानाच्या हातातल्या सामानात तो नेता येत नाही, सुरक्षा तपासणीत टाकून द्यावा लागतो. त्यामुळे जेवताना सगळ्यांनी मिळून संपवला.

दुपारी मुलांनी एक रिकामी बरणी धुऊन पुसली. अर्धी मरून, अर्धी निळी रंगवली. मधल्या पट्टीवर माझ्या मुलाने ‘२०२४’ लिहिलं. “२७–२४ मी लिहिणार, आम्ही हरलोय तर आम्हीच लिहायचं,” असं म्हणत मैत्रिणीच्या लेकीने ब्रश घेतला. ती रंग वाळायची वाट बघत बसली म्हणून विमानतळावर निघायला वीस मिनिटं उशीर झाला. बरणी आमच्या फ्रीजवर आहे, आणि पुढच्या सगळ्या सामन्यांसाठी तिने खाली जागा सोडली आहे.