कॅम्पातल्या गाठी

साताऱ्याहून सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरलो आणि रिक्षा केली ती थेट कॅम्पात. सोबत आई. महात्मा गांधी रस्त्यालगतच्या एका गल्लीत श्रीनगरच्या चाचांचं गालिच्यांचं दुकान आहे, तिथे जायचं कित्येक दिवस मनात होतं.

चाचा गालिचे उलगडू लागले तशी आई खाली बसली. तिचं माहेर सोलापूरचं, घरातच माग. नक्षीकडे न बघता तिने कोपरा धरून गालिचा उलटा केला. पाठीवरही तीच नक्षी, तेवढीच रेखीव. "हाताने गाठी मारलेला आहे," ती म्हणाली. चाचांनी खुशीने पट्टी पुढे केली. एका इंचात आडव्या १८ गाठी, उभ्याही १८. म्हणजे चौरस इंचाला ३२४. तीन बाय पाच फुटांच्या त्या गालिच्यात जवळजवळ ७ लाख गाठी! मी गुणाकार दोनदा करून पाहिला.

शेजारचा गालिचा जाड, मऊ आणि बराच स्वस्त. त्याच्या पाठीला मात्र कापड चिकटवलेलं. त्यात गाठच नसते. बंदुकीसारख्या यंत्राने लोकर कापडात टोचतात आणि मागून लॅटेक्स फासतात. दशासुद्धा वरून शिवलेल्या. गाठींच्या गालिच्यात दशा म्हणजे ताण्याचीच, उभ्या धाग्यांचीच टोकं. रेशमाची खात्री चाचांनी एक धागा जाळून करून दिली: केस जळाल्यासारखा वास आला. नकली रेशीम कागदासारखं जळतं.

मग त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला. तालीम! पुण्यात तालीम म्हटलं की मला गुरुजी तालमीचा गणपती आठवतो; काश्मिरात मात्र ती गालिच्याची लिपी. नक्काश नक्षी काढतो, ती चिन्हांत उतरवली जाते: अमक्या रंगाच्या इतक्या गाठी, मग तमक्याच्या इतक्या, ओळीमागून ओळ. विणकरापुढे चित्र नसतंच. तो चिन्हं वाचत गाठ मारतो, धागा कापतो, ओळ पुरी झाली की बाणा, म्हणजे आडवा धागा, घालून पंजा नावाच्या फणीने ठोकतो. वेल कुठे वळणार हे त्या कागदालाच ठाऊक. मी तो कागद किती तरी वेळ हातात धरून होतो.

रेशमी गालिचा आमच्या ऐपतीबाहेरचा होता. लोकरीचा एक लहानसा घेतला. परतीच्या एसटीत तो आईच्या मांडीवर होता, आणि शिरवळ येईपर्यंत तिची बोटं त्याच्या पाठीवरून फिरत होती.