शिल्ड अपडेट: घुमट दुधाळ का होत होता ते सापडलं एकदाचं

मंडळी, सापडलं! तीन आठवडे डोक्याला शॉट चालू होता, टेबलवरच्या लढाईच्या गेमसाठी बनवतोय त्या शिल्ड जनरेटरच्या मॉडेलवरचा पारदर्शक घुमट रात्री झोपताना एकदम स्वच्छ आणि सकाळी उठून बघावं तर दुधाळ, आतून कोणीतरी पीठ फुंकल्यासारखा. आणि मी सगळा राग काढत होतो पावसावर.

मागच्या वेळी दाखवलेले षटकोन आठवत असतील, अंघोळीच्या जाळीवाल्या स्क्रबरची जाळी सोडवून घुमटावर ताणून त्यातून एअरब्रशने टरक्वॉइज इंक मारली होती. खाली कडेला दाट आणि वर जाता जाता विरत गेलेले, जाम भारी आलेत, आत्तापर्यंतच्या माझ्या कामातलं सगळ्यात आवडतं काम आहे ते. म्हणून तर वैताग जास्त. घुमट म्हणजे डिसेंबरात क्रॉफर्ड मार्केटातून घेऊन ठेवलेले ख्रिसमसचे दोन भागात उघडणारे पारदर्शक गोळे, ८० मिमीचे, अर्धा गोळा म्हणजे एक शिल्ड. खाली ९० मिमीचा बेस, आत जनरेटर आणि तो चालवणारे दोन क्रू (मिनी, म्हणजे छोट्या मूर्ती). महागड्या रेडिमेड घुमटांपेक्षा हे गोळे मला बरे वाटतात, फक्त मधली शिवण आणि वरचं टांगायचं कान कापून घासायला लागतं.

तर पहिला संशय वार्निशवर. पावसाळ्यात स्प्रे वार्निश पांढरं पडतं हे आपल्या सगळ्यांना भोगून माहितीये, जुलैत मुंबईत बाल्कनीत उभं राहून स्प्रे करणं म्हणजे मिनी पणाला लावणंच. म्हणून दुसऱ्या घुमटाला वार्निशच मारलं नाही. तरी सकाळी दुधाळ. मग वाटलं आत दमट हवा कोंडते, तेव्हा जनरेटर आणि घुमट दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांसोबत स्टीलच्या डब्यात बंद करून ठेवले, बाहेर काढल्या काढल्या चिकटवलं, आणि पुन्हा तेच. तिसऱ्या घुमटाला तर मी मित्राकडे ठाण्याला जाऊन एसीच्या खोलीत चिकटवलं, लोकलमध्ये मांडीवर डबा धरून परत आणला, घाटकोपरला उघडून बघितलं तर कडेला पांढरं धरायला लागलं होतं.

त्या तिसऱ्यानेच उत्तर दिलं. रात्री मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघत होतो कुठून सुरू होतंय, तर आतल्या बाजूला कडेजवळ माझ्या अंगठ्याचा ठसा, एकेक रेघ पांढरी, मोजता येईल इतकी स्पष्ट. बाकी भाग अजून अर्धवट धूसर आणि ठसा मात्र ठसठशीत. बघता क्षणी ट्यूब पेटली, कारण पोलीस ठसे उठवायला हेच करतात, बंद पेटीत सायनोअ‍ॅक्रिलेटची वाफ सोडतात आणि ती ठशावर पांढरी बसते. सायनोअ‍ॅक्रिलेट म्हणजे आपलं सुपरग्लू! ते सुकताना वाफ सोडतं, ती वाफ हवेतल्या ओलाव्याशी लागून पांढरी होऊन बसते, आणि मी घुमट त्यानेच चिकटवून ती वाफ आत स्वतःच्या हाताने कोंडत होतो.

तरी खात्री करून घेतली. भंगारातल्या गोळ्याचे दोन तुकडे, दोन वाट्या उपड्या, एकीखाली तुकडा आणि सुपरग्लूचे दोन थेंब, दुसरीखाली नुसता तुकडा. सकाळी ग्लूवाला पांढरा, दुसरा लख्ख. त्या सकाळचा चहा फार गोड लागला.

गंमत म्हणजे हे रसायन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोडॅकच्या लोकांना बंदुकीचा नेम धरायच्या पारदर्शक साइटसाठी प्लॅस्टिक शोधताना सापडलं होतं, आणि सगळ्याला चिकटतं म्हणून तेव्हा बाजूला ठेवलं होतं.

आता उपाय. खराब झालेल्या घुमटाला आतून ब्रशने ग्लॉस वार्निश लावून बघितलं, पांढऱ्या बारीक कणांच्या फटी भरल्या की प्रकाश विखुरत नाही, त्यामुळे धूसरपणा बराच गेला. ब्रशचे ओघळ दिसतात पण टेबलवर हातभर अंतरावरून चालेल. अ‍ॅसिटोनच्या वाटेला जाऊ नका, प्लॅस्टिकच विरघळेल. नवीन घुमट फेविकॉलने चिकटवायचा विचार होता, पण या हवेत ते सुकायला किती वेळ लावतं ते माहितीये, म्हणून मग दोन ट्यूबवालं इपॉक्सी घ्यायचं ठरलं.

आणि इपॉक्सी कालवता कालवताच हात थांबला. घुमट चिकटवायचाच कशाला? आपल्या घरच्या नियमात शिल्डचे तीन थर, प्रत्येक हिटला एक थर पडतो, टायटॅनिकस या गेममधल्या थराथराने पडणाऱ्या व्हॉइड शिल्डसारखं. तिसरा पडला की आतले उघडे. मग घुमट टेबलवरून उचलला गेला पाहिजे ना! मला इन्व्हल्नरेबल सेव्ह (मार टळला का ते फाशाने ठरवायचा नियम) शिल्ड म्हणून कधी पटलीच नाही त्याचं कारण हेच, एपी, म्हणजे हत्याराची चिलखत भेदायची ताकद, कितीही असो सेव्ह तीच, फासा पडला की विषय संपला, शिल्ड पडताना काही दिसतच नाही.

म्हणून ते कालवलेलं इपॉक्सी मॅग्नेटला वापरलं. ३ बाय १ मिमीचे चार घुमटाच्या कडेला, चार बेसमध्ये ड्रिल करून. कडेला जागा कमी आहे त्यामुळे प्लॅस्टिकार्डची (मॉडेलिंगच्या पातळ प्लॅस्टिक शीटची) बारीक पट्टी आतून लावावी लागली, पण बाहेरून निळ्या रंगात ती शिल्डच्या तळाच्या रिंगसारखीच दिसते, उलट आधीपेक्षा छान. एका मॅग्नेटची दिशा उलटी बसली होती, तो टोकरून काढून परत बसवला. आता घुमट जवळ नेला की शेवटचा मिलिमीटर स्वतःच ओढला जातो आणि टक् करून बसतो. काल रात्री नुसता काढ-घाल करत बसलो होतो.

घुमटाच्या आत एलईडी लावायचं मागे बोललो होतो ते मात्र बदलतंय. आत दिवा लावला की क्रूच उजळतात, शिल्ड नाही. त्यापेक्षा षटकोन सुईने कोरायचे आणि ३ मिमीचे निळे एलईडी खालच्या कडेला टेकवायचे, प्रकाश प्लॅस्टिकच्या आतूनच वर चढतो आणि जिथे ओरखडा तिथेच बाहेर पडतो. सपाट अ‍ॅक्रिलिकवर हे चालतं हे करून बघितलंय, गोल पातळ घुमटावर किती वर चढतो ते बघायचंय. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन एलईडी आणि सीआर२०३२ या नाण्यासारख्या बॅटरीचे होल्डर आणतो, गोळे अजून पाच शिल्लक आहेत.