होल-इन-द-रॉक रोड आणि भाड्याच्या गाडीचं ॲग्रीमेंट : माझा अनुभव

वसंतात यूटाला ट्रेकसाठी जाणाऱ्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून लिहितेय, आणि खरं सांगायचं तर डोकं अजून शांत झालेलं नाही म्हणूनही लिहितेय.

प्लॅन साधा होता. एप्रिलमध्ये लास वेगासला उतरायचं, गाडी घ्यायची, यूटातलं एस्कलान्टे हे गाव गाठायचं आणि तिथल्या होल-इन-द-रॉक रोडने ड्राय फोर्कला जाऊन पीकाबू आणि स्पूकी या दोन स्लॉट कॅन्यन, म्हणजे खडकातल्या खोल, चिंचोळ्या घळी, करायच्या. हायवे १२ सोडल्यापासून ड्राय फोर्कचा फाटा २६ मैलांवर, म्हणजे ४२ किलोमीटर, आणि बराचसा कच्चा रस्ता. विमान, हॉटेल वगैरे सुरळीत झालं.

अडलं ते गाडीच्या काउंटरवर. एसयूव्ही बुक केलेली होती, तिथला मुलगा सही करा, सही करा म्हणून टॅब्लेट पुढे सरकवत होता, आणि मी आपली वाचत बसले. आत बारीक अक्षरात होतं की गाडी डांबरी रस्ता सोडून नेली तर सगळं कव्हरेज रद्द. म्हणजे आपण काउंटरवर रोजचे जास्तीचे पैसे भरून घेतलेला इन्शुरन्ससुद्धा! टायर फाटला, काच गेली, गाडी चिखलात रुतली, सगळं आपल्या खिशातून. तिथून टो करून आणायचं बिल चार आकडी डॉलरमध्ये जाऊ शकतं.

मी विचारलं, कच्च्या रस्त्यावर चालेल का? तो म्हणे, एसयूव्ही आहे मॅडम, कुठेही जाते. म्हटलं बरं, मग तेवढं लिहून दे. तर म्हणे तो अधिकार मला नाही, हेल्पलाइनला विचारा. हेल्पलाइनवर ते टिंगटिंग म्युझिक ऐकत उभी, मागे रांग वाढतेय, आणि शेवटी एक बाई म्हणाली की "मेंटेन्ड" ग्रॅव्हल असेल तर चालतं. आता मेंटेन्ड कोणी ठरवायचं? या रस्त्यावर काउंटीचा ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारं यंत्र, अधूनमधून फिरतो, पण दोन पाऊस झाले की पुन्हा तेच. हे ईमेलवर पाठवा म्हटलं तर उत्तर काय, काउंटरवरून घ्या! याने तिच्याकडे बोट दाखवायचं, तिने याच्याकडे. वर नवरा, "अगं चल ना, सगळेच नेतात." सगळेच नेतात हे मलाही माहितीये, पण काही झालं की त्या सगळ्यांपैकी कोणी बिल भरायला येत नाही. क्रेडिट कार्डाच्या भरवशावर राहू नका, त्यातही बऱ्याचदा ऑफ-रोड वगळलेलं असतं, घरूनच वाचून निघा.

शेवटी ठरवलं, ही गाडी डांबरावरच ठेवायची आणि एस्कलान्टे गावात जीप घ्यायची. तिथे कच्च्या रस्त्यांसाठीच जीप भाड्याने देणारे आहेत. आम्हाला भेटलेल्या काकांचा कागद एका पानाचा, त्यात कुठले रस्ते चालतील ते नावानिशी लिहिलेलं, आणि नकाशावर पेन्सिलने रेघ मारून "इथून पुढे वाळू, परत फिरा" असंही सांगितलं. महाग पडलं, पण जिवाला घोर नाही. वेगासचा तो वेळ मात्र फुकट गेला, त्याचा राग आहे तो आहेच.

त्या दिवशी मात्र काकांनी जीप दिलीच नाही, कारण आदल्या रात्री पाऊस झाला होता. इथल्या मातीत बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते, ती पाणी पिऊन फुगते आणि रस्ता साबणासारखा होतो, मग फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी गाडी घसरतेच. मी रस्त्याच्या तोंडाशी चार पावलं चालून पाहिलं तर बुटांना करड्या मातीचे थर, काडीने खरवडून निघेनात. एक दिवस ऊन पडल्यावर निघालो. या थांबण्याचा काही त्रास वाटला नाही, कारण नाही म्हणजे नाही असं कोणीतरी स्पष्ट सांगितलं होतं.

बाकी रस्ता म्हणजे वॉशबोर्ड, पन्हाळी पत्र्यासारखा आडव्या खाचांचा, दात वाजतात. टायरची हवा ३५ पीएसआयवरून २५ पर्यंत उतरवली की पुष्कळ सुसह्य होतं, पण परत भरायला कंप्रेसर हवा आणि उतरवायच्या आधी गाडीवाल्याला विचारा. वाळूत मध्येच थांबू नका. १२ मैलांवर डेव्हिल्स गार्डन हा चित्रविचित्र आकाराच्या खडकांचा भाग लागतो, नुसतं तिथवर गेलात तरी पैसे वसूल. १८७९-८० मध्ये मॉर्मन पंथाचे लोक बैल आणि घोडे जुंपून याच वाटेने गेले, सहा आठवड्यांच्या तयारीने निघाले आणि सहा महिने लागले, हे आठवलं की आपल्या कमरेचं रडगाणं जरा आवरतं. स्पूकी काही ठिकाणी जेमतेम वीतभर रुंद आहे, सॅक डोक्यावर धरून आडवं सरकावं लागतं. आभाळ भरलेलं असेल तर स्लॉटमध्ये उतरूच नका, पाऊस लांब कुठेतरी पडतो आणि लोंढा इथे येतो.

हो, एक राहिलंच. एप्रिलमध्ये यूटाचं घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे असतं, त्यामुळे वेगासहून निघाल्यावर एस्कलान्टेचं व्हिजिटर सेंटर बंद व्हायच्या आत पोचायचं तर तो तास धरून निघा, रस्त्याची ताजी अवस्था तिथेच कळते. आणि पेट्रोल गावातच फुल करा, पुढे पंप नाही, बऱ्याच पट्ट्यात फोनला रेंजही नाही.