दिवेलागणीची झोप

मी गेली अनेक वर्षे तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. एका पावसाळ्यात, दवाखाना बंद करण्याच्या सुमारास, एक जोडपे 22 महिन्यांच्या मुलाला घेऊन आले. सोबत मुलाची आजी होती. मुलगा रात्री साडेअकराच्या आत झोपत नसे आणि झोपला तरी तीन-चार वेळा रडत उठे. वडील त्याला रोज मोटारसायकलवर पुढे घेऊन गावाबाहेरच्या पुलापर्यंत फेरी मारत आणि तो पेंगला की घरी आणून अलगद अंथरुणावर ठेवत; पण त्या आठवड्यात पाऊस उघडतच नव्हता.

आईने संकोचत पिशवीतून सर्दीच्या औषधाची बाटली काढली. त्याने गुंगी येते, म्हणून दोन रात्री दिले होते. त्यात क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन होते. हे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला आहे. ते औषध मी तिथल्या तिथे बंद करायला सांगितले.

कान, घसा, घोरणे, जंतांची खाज, सगळे तपासले. काहीच सापडले नाही. मीही सारे प्रश्न रात्रीविषयीच विचारले, ही माझी चूक. अखेर आठवडाभर झोपेच्या वेळा लिहून आणायला सांगितल्या आणि कागद आला तेव्हा उत्तर त्यातच होते: दुपारी एक ते तीन, आणि पुन्हा संध्याकाळी सहा ते आठ.

"दिवेलागणीला किरकिर करतो, म्हणून मी थोपटते. तेवढ्यात माझ्या भाकऱ्या होतात," आजी म्हणाल्या.

बेरीज केली तर दिवसरात्र मिळून झोप साडेअकरा तासांच्या आसपास भरत होती. एक ते दोन वर्षांच्या मुलाला 11 ते 14 तास लागतात. म्हणजे जागरण मुलाचे नव्हते, आईवडिलांचे होते. शिवाय झोपेचे एक आवर्तन संपून दुसरे सुरू होताना प्रत्येकाचीच झोप क्षणभर चाळवते, आणि गाडीवर झोपलेले मूल तेव्हा ती गाडीच शोधते.

संध्याकाळची झोप बंद करायची, सातला जेवण, मग अंग पुसणे, मंद दिवा, आजींची अंगाई, आणि मूल जागे असतानाच अंथरुणावर ठेवून वडिलांनी पाठीवर हात ठेवून शेजारी बसायचे, असे ठरले. दुसऱ्या रात्री वडिलांचा फोन आला; मागे रडणे ऐकू येत होते. "शेजारीच बसा, पण उचलून बाहेर नेऊ नका," एवढेच मी सांगितले. बारा दिवसांनी मूल पावणेनऊला झोपू लागले होते आणि रात्री फार तर एकदा उठत होते.

पुढे लसीसाठी आले तेव्हा आईवडील ताजेतवाने दिसले. आजींची तक्रार मात्र कायम होती: "डॉक्टर, आता मी भाकऱ्या थापायला बसले की हा परातीत हात घालतो."