कोऱ्या पानावरचे चित्र: माझा अनुभव

व्यंगचित्रांचा संग्रह, त्यावर चित्रकाराची स्वाक्षरी आणि शेजारी त्याने स्वतः काढून दिलेले चित्र, अशा प्रती जमवण्याचा नाद मला लागला तो एका फसगतीतून. म्हापशात जुनी पुस्तके विकणाऱ्या एका गृहस्थाने गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचा एक संग्रह ‘सहीचा’ म्हणून माझ्या हाती ठेवला आणि मी त्याचे अडीच हजार रुपये मोजले. फोंड्याला घरी येऊन पान भिंगाखाली धरले, तेव्हा सही चित्रासकट छापलेली निघाली. व्यंगचित्रकार चित्राच्या कोपऱ्यात नाव घालतोच आणि ते प्रत्येक प्रतीत छापले जाते, ही साधी गोष्ट पैसे देताना माझ्या ध्यानात आली नव्हती.

त्यानंतर मी पारख करायला शिकलो. भिंगातून ठिपके दिसले तर छपाई, हा सर्वांना ठाऊक असलेला नियम येथे अपुरा पडतो, कारण निव्वळ काळ्या रेषांचे चित्र ठिपक्यांविना सलग छापता येते. म्हणून मी रेषा एकमेकींना छेदतात त्या जागा पाहतो. हाताने ओढलेल्या शाईच्या रेषा जिथे भेटतात तिथे बहुधा गडद गाठ पडते, पेनाचा जोर असेल तर पानाच्या मागे बोट फिरवताना उठाव लागतो, आणि कागद शाई पिणारा असेल तर रेषेच्या कडेला बारीक तंतू फुटलेले दिसतात; छापील रेषेचा काळेपणा मात्र सगळीकडे सारखा असतो. मारिओंच्या बाबतीत आणखी एक कसोटी तारखेची आहे. त्यांचे निधन ११ डिसेंबर २०११ रोजी लोटलीच्या घरी झाले, त्यामुळे त्यानंतरच्या आवृत्तीवरच्या ‘सही’साठी भिंगसुद्धा काढावे लागत नाही.

हयात चित्रकाराकडून चित्र मिळवण्यात अधिक आनंद आहे, पण त्यालाही रीत आहे. पणजीतल्या एका प्रकाशन समारंभात मी रांगेत पहिला उभा राहिलो आणि गुळगुळीत पान उघडून बॉलपेन पुढे केले. मागे माणसे तिष्ठत असताना त्या चित्रकारांनी नुसते नाव लिहून प्रत परत केली, आणि ते रास्तच होते. पुढच्या खेपेस मी मुद्दाम शेवटी थांबलो, सुरुवातीच्या कोऱ्या, खरखरीत पानावर आधीच खुणेची पट्टी घातली, नवे काळे स्केचपेन बरोबर नेले आणि ‘काहीही काढा’ असे न म्हणता विषय सांगितला, गोव्याच्या सरकारी ‘कदंब’ बसचा.

“सर, पावसातली कदंब बस काढाल?”

“आत माणसे किती?”

“बाकडी आहेत त्यांच्या दुप्पट.”

त्यांनी बस काढलीच नाही. दारातून बाहेर आलेल्या चार छत्र्या आणि त्यांच्यामधून तिकिटाचे पैसे मागणारा कंडक्टरचा हात, एवढेच काढून खाली ‘सप्रेम’ म्हणून माझे नाव लिहिले. नाव घातलेल्या प्रतीची किंमत उतरते असे व्यवहारी मंडळी सांगतात. मला ती विकायचीच नाही.

याच चित्राने मला पुढच्या आषाढात रडवले. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले होते. ओल चढली, पाण्यात विरघळणारी स्केचपेनची शाई हलली आणि दोन छत्र्यांच्या कडा जांभळ्या होऊन समोरच्या पानावर उमटल्या. आता मी न विरघळणाऱ्या काळ्या शाईचे पेन नेतो, चित्रावर आम्लविरहित कागद घालतो, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवतो आणि सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात वेळोवेळी बदलतो; कसरीसाठी दर महिन्याला पाने उलटून पाहणेही आले. चौकटी करणाऱ्या एका कारागिराने ते पान कापून काचेत बसवण्याचा सल्ला दिला होता. पान पुस्तकातच आहे, आणि ओल तिथवर न पोहोचल्यामुळे कंडक्टरचा हात अजून पैसे मागतो आहे.